येतं त्यांनी उजवा हात

वार्षिक पाठात मी आधी एकदा आपटले होते. बी.एड.चं शेवटचं वर्ष, विषय भूगोल आणि सामाजिक शास्त्रं, वय छत्तीस. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, वर्गाचा प्रतिसाद शून्य. पाठाचं टाचण ठीक, तक्ते ठीक, फळ्यावरचं अक्षर ठीक, मुलंच तेवढी बोलली नाहीत! अहो, बोलणार कशी? बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची ती मुलं, घरी कन्नड बोलणारी. मी पुण्याची, आणि शिकवायचं इंग्रजीतून. मी प्रश्न विचारला की सगळा वर्ग माझ्या चपलांकडे बघायचा.

यंदा पुन्हा तीच शाळा, नववीचाच वर्ग, आणि ही शेवटची संधी. जूनमध्ये नवऱ्याची कंपनी त्याला पुण्याला पाठवणार होती. पाठ गेला तर पदवी इथेच सोडून त्याच्या मागोमाग सामान बांधायचं. त्याला ते काही एवढं मोठं वाटत नव्हतं. ‘तिकडे बघू की काहीतरी,’ म्हणायचा. काहीतरी! नऊ वर्षं मारतहळ्ळीच्या सोसायटीत मला सगळे फ्लॅटच्या नंबरावरून ओळखत होते. मला शिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी मी रडकुंडीला आले होते. रोज के. आर. पुरमला मेट्रोत बसायचं, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, पीण्यापर्यंत मांडीवर टाचणवही.

शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षिकेला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. घर मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूतच, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. पाठाच्या आदल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये डबासुद्धा उघडला नाही, तेव्हा ती म्हणाली, ‘अग, स्वल्प धीर धर. सगळे करतात तेच करायचं. प्रश्न विचारलास की सगळी मुलं हात वर करतील. येतं त्यांनी उजवा, येत नाही त्यांनी डावा. तू उजव्यालाच उठव. मागे बसलेल्याला नुसते हात दिसतात.’

‘अक्का, हे बरोबर आहे का?’

‘पास व्हायचंय ना? सरी मग.’

सरी तर सरी, ठीक तर ठीक. आम्ही तालीमसुद्धा घेतली. अक्का फळ्यापाशी उभी राहिली, आणि परीक्षकांना काय दिसेल ते बघायला मी शेवटच्या बाकावर बसले. तिने प्रश्न टाकला आणि सगळ्या वर्गाचे हात वर! मला इतकं हायसं वाटलं की घरी जाताना मी स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागे येऊन बसले. कपाळावर आठ्या, हातात गुणपत्रिका. कर्नाटकातल्या नद्या हा पाठ. प्रस्तावना झाली, नकाशा टांगला आणि मी विचारलं, पश्चिमेकडे वाहणारी एक नदी सांगा. सगळे हात वर. मी डोक्याच्या उजवीकडे वर दिसणारा एक हात हेरला आणि त्या मुलाला उठवलं. तो उभा राहिला आणि गप्प. असेल बुजरा, म्हणून दुसऱ्याला उठवलं. तोही गप्प. तिसऱ्यांदा मी दोन वेण्यांच्या एका मुलीला उठवलं. तिने वर केलेला तोच हात दुसऱ्या हाताने धरून मला दाखवला, अगदी काकुळतीला येऊन.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तालमीत मी मुलांच्या पाठीमागे होते, आज समोर उभी होते. प्रत्येकाचा माझ्या उजवीकडे दिसणारा हात हा त्याचा डावा हात होता. अरे देवा! उभ्या आयुष्यात नकाशे काढले, पूर्व उजवीकडे म्हणून शंभरदा घोकून घेतलं, आणि माणसाचा उजवा हात कुठला ते मला कळू नये? ज्यांना येत नव्हतं त्यांनाच मी वेचून वेचून उठवत होते.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि ते पुढच्या वर्गावर निघून गेले. ते कुठलाच पाठ शेवटपर्यंत बघत नाहीत. मी मात्र तास संपेपर्यंत बोलत राहिले. काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. उत्तर म्हणून शरावतीचं नाव बहुधा मीच घेतलं असेल. घंटा झाली तेव्हा हातातल्या खडूचा भुगा झाला होता.

नकाशा गुंडाळत होते, तर ती दोन वेण्यांची मुलगी टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, ‘फेल आद्रा, मिस?’ नापास झालात का, एवढं कन्नड मला एव्हाना कळत होतं. मी म्हटलं, माहीत नाही. ती तिथेच घुटमळली. मग कन्नड आणि इंग्रजीची मोट बांधत म्हणाली, तुम्ही आम्हाला उठवलंत म्हणून झालं ना? पुढच्या वेळी आम्ही सगळ्या नद्या पाठ करून येऊ. कुणालाही उठवा.

मला तिच्यासमोर रडू आवरेना. महिनाभर मी या वर्गावर येत होते, आणि या पोरीला एक नदी येत नाही हे मला आज कळत होतं. तेसुद्धा कशापायी, तर मला गुण हवे होते म्हणून! मी तिला बाकावर बसवलं, नकाशा पुन्हा उलगडला आणि पश्चिम घाट कुठे आहे ते तिच्या बोटाने दाखवून घेतलं. पाणी इकडे का पडतं आणि तिकडे का जातं ते तिला दोन मिनिटांत कळलं. वर्षभराच्या टाचणांत ते मी किती वेळा लिहिलं असेल.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, तू जा पुण्याला, मी आणखी एक वर्ष इथेच राहणार, पाठ पुन्हा देणार.

तो चिडला. ‘अगं, निकाल तरी लागू दे! नापास झालीस असं तुला सांगितलं कुणी?’

‘नववीतल्या एका पोरीनं,’ मी म्हटलं.