लठ्ठ चार्ल्सचा वकील

"छे छे, मला नका घेऊ!" असं म्हणत सर दोन्ही हात वर करायचे, समोर कुणी पिस्तूल रोखल्यासारखे. टोरंटोपासून काही तासांवरच्या ब्रॉसार्डमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभेत दर वर्षी हेच. मग अख्खी सभा ओरडायची, "नाही नाही सर, तुम्हीच!" सर चष्मा पुसायचे, मान हलवायचे, झाले अध्यक्ष. ही नक्कल मी इतक्यांदा केलीय की माझा रूममेट भांडी घासायची पाळी आली की हात वर करतो.

सर इथल्या कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवून रिटायर झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. मी गंगाखेडचा, आमच्या शाळेत इतिहासाचा तास म्हणजे गुरुजींची झोप. त्यामुळे फ्रँक लोकांचा राजा लठ्ठ चार्ल्स मला भेटला तो थेट सरांच्या गाडीत, ग्रोसरीला जाताना.

पूल आला की सर गाडी स्लो करायचे. थंडीत खाली सेंट लॉरेन्स नदीवर वाफ तरंगते, पलीकडचं शहर अर्धं पुसलेलं असतं. मागचे लोक हॉर्न मारायचे. सर म्हणायचे, "अशाच नदीतून व्हायकिंगांच्या होड्या पॅरिसला आल्या." शप्पथ सांगतो, मला त्या वाफेत होड्या दिसायच्या.

"चार्ल्सला काही जिंकावं लागलंच नाही रे. भाऊ गेले, चुलत भाऊ गेले, एकेक तुकडा ह्याच्या पदरात. पणजोबाचं सगळं साम्राज्य पुन्हा एक झालं, आणि ह्याचं डोकं सारखं ठणकतंय."

"सर, तुमच्यासारखंच की!" नदीपलीकडच्या लाव्हालचं मंडळ, वेस्ट आयलंडचं मंडळ, सगळ्यांचे अध्यक्ष टोरंटोला पळाले आणि कारभार सरांच्या गळ्यात पडला होता.

"गाढवा, मी लठ्ठ आहे का?"

नव्हते. पण डोकं त्यांचंही दुखायचं.

व्हायकिंगांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा हा चार्ल्स मोठं सैन्य घेऊन गेला आणि लढलाच नाही. त्यांना चांदी कबूल केली, वर नदीतून पुढं जायला वाट दिली. शहरातले लोक कित्येक महिने भिंतीवरून झुंजत होते, त्यांना काय वाटलं असेल!

"पळपुटा," मी म्हणायचो.

"दमलेला," सर म्हणायचे. "पळपुटा वेगळा, दमलेला वेगळा."

आणि मग एका गणपतीत सरांनी तेच केलं. शाळेचा हॉल आमच्या नावावर बुक होता, पण दुसऱ्या कुणाला तोच शनिवार रिसेप्शनसाठी हवा होता. कमिटी भांडायला तयार. सगळ्यात पुढं सेक्रेटरी, म्हणजे सरांचा सख्खा पुतण्या, त्यांच्याच घरी राहून शिकलेला. सर म्हणाले, "मी बोलून येतो." आले ते हॉल देऊन, वर आपल्या खुर्च्याही देऊन.

"मुलीचं लग्न आहे रे त्यांच्या. आपला गणपती काय रुसणार आहे?"

गणपती रुसला नाही, माणसं रुसली. पुतण्याच्या बेसमेंटमध्ये आरती झाली, लोक जिन्यात उभे. महिनोन्‌महिने प्रॅक्टिस केलेले ढोल गॅरेजमध्येच राहिले, पोरांचं नाटक कॅन्सल. काका-पुतण्या म्हटलं की पुढचं मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

नोव्हेंबरात सभा भरली. सरांनी हात वर केले. "छे छे, मला नका घेऊ!"

हीटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग मीच ओरडलो, "नाही नाही सर, तुम्हीच!"

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, मी नक्कल करतोय.

हसू ओसरल्यावर पुतण्या हळूच म्हणाला, "काका, तुमची इच्छाच नसेल, तर आम्ही आग्रह नाही करत."

सरांचे हात वरच होते. खाली आणायचे असतात, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

परतताना मीच गाडी चालवली. पुढं बर्फ भुरभुरत होता.

"चार्ल्सला कुणी हात लावला नाही, माहितीये? लोक फक्त एकेक करून त्याच्या पुतण्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले."

"मग?"

"मग त्यानं पुतण्याकडं राहण्यापुरती जमीन मागितली. दिली त्यानं. वाईट नव्हता पोरगा."

"तुम्ही काय मागितलं?"

"चहाचं टेबल."

मंडळाच्या संक्रांतीला सर त्या टेबलामागं उभे होते. प्रत्येकाला "साखर किती?" विचारत होते, एखाद्या दरबाऱ्याला गाव इनाम द्यावं अशा थाटात. पुतण्या कप घेऊन दोनदा रांगेत आला.

चार्ल्स त्याच हिवाळ्यात वारला म्हणे. सरही.

मार्चमध्ये पुन्हा दणकून बर्फ पडला. सकाळी सरांच्या घरावरून जाताना पाहिलं तर पुतण्या एकटाच ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसत होता.

"अरे, आता इथं कोण येणार?" मी विचारलं.

त्यानं दारापर्यंत वाट केली, पायरी झाडली. मग मॅटवर बूट आपटून बर्फ झटकला, टोपी काढून हातात घेतली, आणि बंद दारासमोर तसाच उभा राहिला.