मागच्या सीटवरचे साहेब

आमच्या साहेबांना गाडी चालवता येत नाही. हसू नका. मी हसले होते, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, तेही त्यांच्या तोंडावर. चौसष्ट मोटारींचं संग्रहालय, त्याचा सगळा भार ज्याच्या डोक्यावर, तो माणूस रोज बसने येतो! साहेबांना राग आला नाही. म्हणाले, "बाई, मत्स्यालय सांभाळणाऱ्याला पोहता यावंच लागतं असं नाही."

मी तिथं तिकीट खिडकीवर असते. सात वर्षं झाली. साहेबांच्या दारावर 'अभिरक्षक' अशी पाटी आहे, पण तो शब्द आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसला नाही, म्हणून ते नुसते साहेब. उंच, थोडे वाकलेले, साठीला टेकलेले. बोलणं मोजूनमापून. माझं बरोबर उलटं. माझ्या तोंडाला लगाम नाही असं आमचे हे म्हणतात. त्यांना म्हणायला काय जातंय? दिवसभर "अहो काका, टेकू नका", "बाळाला बॉनेटवर बसवू नका" असं ओरडून घसा कुणाचा बसतो?

साहेबांचं काम मात्र बघण्यासारखं. नवीन गाडी आली की आमच्या मेकॅनिकचे हात शिवशिवायला लागतात. "साहेब, एक हात मारतो, नव्यासारखी करून टाकतो." साहेब त्याला फिरकू द्यायचे नाहीत. दोन-दोन दिवस टॉर्च घेऊन स्वतः गाडीभोवती फिरायचे, आत वाकायचे, खाली आडवे व्हायचे, आणि सगळं नोंदवहीत उतरवायचे. ओरखडा कुठे, किती लांबीचा. सीट कितव्या खाचेवर. आरसा कुठल्या बाजूला, किती वळलेला. एकदा एका गाडीच्या कप्प्यात कंगवा सापडला, त्यात दोन केस. मी म्हटलं, "शी! फेका तो." साहेबांनी तो केसांसकट पाकिटात घातला, पाकिटावर नंबर टाकला. म्हणाले, "गाडी कारखान्यात बनते, बाई, पण तिला घडवतो तो वापरणारा. तो भागच तेवढा आपल्या हातात आहे." मला वाटलं, माणूस जरा जास्तच करतोय.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, तरी साहेब यायचे. रजेचे दिवसही तिथंच. मी एकदा चेष्टेत म्हणाले, "काय साहेब, घरी कुणी वाट बघत नाही वाटतं?" ते म्हणाले, "नाही." किती वाजले ते सांगावं तसं म्हणाले. मी जीभ चावली. बायको वारलेली, मी यायच्या आधीच, आणि मूलबाळ नाही, एवढं मला माहीत होतं की! पण माझं असंच. आधी बोलते, मग आठवतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमची ढकलगाडी असते. गाडी एका जागी उभी राहिली की टायर खालून दबून चपटा होतो, म्हणून प्रत्येक गाडी पाव चाक पुढे घ्यायची, टायरवर खडूने खूण करायची. मेकॅनिक आत बसून स्टिअरिंग आणि ब्रेक धरणार, वॉचमन आणि साहेब मागून ढकलणार. मी खडू घेऊन सूचना देणार. न विचारता, अर्थात.

एकाच गाडीत कुणी बसायचं नाही. तिसऱ्या दालनाच्या अगदी टोकाला असलेली छोटी, सायीच्या रंगाची. तशी सामान्यच, लोक तिच्या पुढ्यात थांबून दुसऱ्या गाडीचे फोटो काढतात. पाटीवर 'कौटुंबिक मोटार, चार दारी', बस्स. तिला ढकलताना साहेब स्वतः खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरायचे आणि तिच्या बाजूने चालायचे. मेकॅनिकने कारण विचारलं तर म्हणाले, "दार नाजूक आहे." आम्ही मान्य केलं. त्यांच्या इतक्या तऱ्हा, त्यात आणखी एक.

आणि गेल्या महिन्यात साहेबांना ताप आला. सात वर्षांत पहिल्यांदा. सकाळी फोन आला, "बाई, या महिन्यात ढकलायचं राहू द्या." मी म्हटलं, "तुम्ही पडून राहा हो, आम्ही काय लहान आहोत?" ते पुढे काहीतरी बोलत होते. मी फोन ठेवून दिला.

ढकलायला आता मेकॅनिक आणि वॉचमन, म्हणजे आत बसायला मी. मजा आली, खोटं कशाला बोलू? एकेका गाडीत महाराणीसारखी बसले. शेवटी ती छोटी राहिली. वॉचमन म्हणाला, "ताई, हिच्यात नाही बसायचं." मी म्हटलं, "दार काही मोडत नाही माझ्याने, ढकल तू." आत शिरले तर पोट स्टिअरिंगला टेकलं! सीट इतकी पुढे. खाली हात घालून खटका ओढला, खट्‌दिशी सीट मागे गेली. आरशात नुसतं छत दिसत होतं. दिवसभराच्या धुळीने गालाला काळं लागलंय असं वाटलं, म्हणून आरसा माझ्याकडे फिरवला, रुमालाने गाल पुसला, केस सारखे केले. गाडी पाव चाक पुढे गेली. मी उतरले. झालं.

गुरुवारी साहेब आले. ताप उतरला होता पण चेहरा पार ओढलेला. नेहमीसारखा फेरफटका मारायला गेले आणि थोड्या वेळाने माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. "सोमवारी त्या छोट्या गाडीत कोण बसलं होतं?"

"मी. का? चोरीला गेलं का काही?"

"नाही," म्हणाले, आणि परत आत गेले.

तासभर झाला तरी बाहेर येईनात. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. मी खिडकी लावली आणि बघायला गेले. साहेब त्या गाडीत बसले होते. मागच्या सीटवर, मधोमध, गुडघे जवळ घेऊन. माझं तोंड सुटलंच. "वा! आम्हाला हात लावायची चोरी, आणि तुम्ही खुशाल आत? वर मलाच विचारता, कोण बसलं होतं म्हणून!"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, ही गाडी आमच्या हिची."

मी गाडीवर टेकवलेला हात चटकन काढून घेतला.

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांत बोलले नसतील तेवढं एका दमात बोलले. गाडी त्यांच्या मिसेस चालवायच्या. बुटक्या होत्या, म्हणून सीट पार पुढे. साहेब मागे बसायचे, कारण यांना कागद पसरायला जागा लागायची. त्या आरशातून यांच्याकडे बघत बडबडायच्या, हे कागदातून मान वर न करता हूं हूं करायचे. त्या गेल्यावर गाडीचं काय करायचं, हा प्रश्न आला. विकली तर घेणारा पहिल्याच दिवशी सीट मागे सरकवणार, आरसा फिरवणार. त्याची काय चूक? म्हणून इथं आणून ठेवली, जिथं कुणी कशाला हात लावत नाही. दर सोमवारी मागे येऊन बसायचे. इथून आरशात तिचे डोळे असायचे तीच जागा दिसते, म्हणाले. रिकामीच, पण तीच.

"साहेब," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात डोक्यात आलं, "अहो, नोंदवही! सीट कितव्या खाचेवर, आरसा किती वळलेला, सगळं असेल ना? आत्ता करते पहिल्यासारखं."

मी धावत जाऊन कपाटातून वही काढली, तिथंच उभ्या उभ्या पान शोधलं. एकेका गाडीची नऊ-नऊ पानं असतात. हिचं एकच. वर गाडीचा नंबर आणि खाली त्यांच्या नेटक्या अक्षरात दोन शब्द, 'आली तशी'.

मी परत गाडीपाशी आले तेव्हा साहेब आपणहून म्हणाले, "लिहायला बसलो होतो. पण हिची सीट कितव्या खाचेवर, हे मी मोजायचं? म्हटलं, मी आहे, मला माहीत आहे. पुरे." मग म्हणाले, "कितवी खाच होती ते आता मला आठवत नाही, बाई. तासभर बसून आठवतोय."

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला रागच येतो. मी धाडकन पुढचं दार उघडलं. "मी बसते. तुम्ही मागून सांगा. जमेल."

पोट आत ओढून सीट पुढे घेतली. एक खाच, मग आणखी एक. श्वास घेता येईना. "एवढी?" ते म्हणाले, "असेल." खांदे पाडून बुटकी झाले. आरसा डावीकडे, जरा वर. "नाही. थोडा खाली. परत वर." अर्धा तास गेला असेल. एका क्षणी ते म्हणाले, "थांबा."

मी थांबले. आरशात ते मला पूर्ण दिसत होते. सात वर्षं मी त्यांना खिडकीच्या फटीतून बघत आले. असे समोरासमोर, निवांत, मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. दाढी धड केलेली नव्हती. शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली, सकाळपासून तशीच असणार, आणि ते सांगायला घरात कुणी नाही. डोळे भरले होते. पुसत नव्हते.

"इथंच होता आरसा," ते म्हणाले. "ही अशीच बघायची." मग म्हणाले, "बोला ना काहीतरी, बाई. ती बोलत असायची."

देवाशपथ सांगते, मला एक शब्द सुचला नाही. मी नुसती आरशात बघत राहिले आणि ते वाट बघत राहिले, चांगली दोन-तीन मिनिटं. मग त्यांनी मान हलवली, दार उघडलं, खाली उतरले आणि आवाज न करता दार दाबून लावलं.

"साहेब, कॉलर नीट करा." एवढंच म्हणायचं होतं. हे मला घरी जाऊन, जेवायला बसल्यावर सुचलं.