फॉरमॅट मारून द्या, ताई

दुकान बंद केलं तेव्हा कीबोर्ड, माउस आणि तीन फुटके मॉनिटर भंगारवाल्याने नेले. किस्से मात्र कोणी नेले नाहीत. ते साचतच गेले, कारण मला एक राग आला की त्याच्या मागचा आठवतो, आणि तो आठवला की त्याच्याही मागचा.

पुसदला बस स्टँडच्या मागे माझं आणि प्रकाश राठोडचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. कापसाची ती वाईट वर्षं. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची आणि अर्धा दिवस लोडशेडिंग. तरी घरोघरी सेकंडहँड कॉम्प्युटर येत होते. मशीन अडलं की सगळ्यांना एकच औषध ठाऊक: फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाका. आधी घरातला कोणीतरी स्वतःच मारून पाहायचा, अर्ध्यात अडकला की आम्हाला फोन.

*

एक रिटायर्ड हेडक्लार्क होते. दार उघडून त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"माणूस नाही आला काय?"

"मीच आले आहे."

"नाही, म्हणजे दुरुस्तीवाला."

तेवढ्यात राठोड गाडी लावून आला. त्याला खुर्ची मिळाली, मला "आत बायका आहेत, तिकडे बसा." राठोड म्हणाला, "काका, मी बॅग धरतो फक्त. काम ताई करते."

सिस्टीम टाकताना फाइल कॉपी होत नव्हती. सीडी बाहेर काढली तर चमकत्या बाजूला दसऱ्याचं कुंकू, चांगलं बोटभर.

"या बाजूला कशाला लावलं?"

"दुसऱ्या बाजूला नाव लिहिलं आहे. नावावर कुंकू कसं लावणार?"

सीडी पुसली, ड्राइव्ह साफ केला, तासाभरात मशीन सुरू करून दिलं. निघताना काकांनी राठोडचा हात हातात घेतला. "चांगलं काम केलं हो तुम्ही."

*

एका वकिलांकडे सिस्टीम टाकणं तीनदा बंद पडलं. दर वेळी "एकोणचाळीस मिनिटे बाकी" असं आलं की मशीन गप्प. लाइट तर होती. वकीलसाहेब माझ्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, "येत नसेल तर सांगा, नागपूरहून बोलावतो."

चौथ्यांदा मी मशीनसमोर बसलेच नाही, वायरच्या मागे गेले. वायर भिंतीतून स्वयंपाकघरात गेली होती. तिथे वहिनी मिक्सर लावायला आमचा प्लग काढत होत्या.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, आरोपी सापडला. नागपूरहून बोलवायचं काय?"

त्यांनी आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही.

*

बी-बियाण्याच्या एका दुकानदाराच्या घरी गेलो होतो. त्याने कुठूनतरी नकली सीडी आणून सिस्टीम टाकली होती आणि ती सीडीवरचा नंबर मान्य करत नव्हती. राग मात्र आमच्यावर. "बाजारात सगळा बोगस माल भरला आहे. माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?"

ओसरीत दोन माणसं सकाळपासून उभी होती. राठोडच्या सासरच्या तांड्यावरची. त्यांच्या हातात बियाण्याची रिकामी पाकिटं. पेरलेलं उगवलंच नव्हतं. शेठ त्यांना सांगत होता, "पानी कमी पडलं असंन. मी काय करू?"

राठोड तसा शांत माणूस. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"शेठ, सीडी बोगस निघाली तर दुसरी टाकता येते. याईचा मिरगाचा पेरा गेला, तो कोनत्या सीडीतून टाकू?"

आम्ही बॅग उचलून बाहेर पडलो. मशीन उघडंच ठेवलं, स्क्रू त्याच्या गादीवर.

*

एकदा मला माझाच राग आला. एका नर्सबाईंकडे विचारलं, "आत काही ठेवायचं आहे?" म्हणाल्या, "सगळं उडवा." उडवलं. संध्याकाळी नवरा आला आणि कपाळाला हात लावून बसला. लग्नाचे सगळे फोटो त्यात होते. मी माफी मागायला आत गेले तर बाई भाजी निवडत होत्या.

"मले माहीत होतं," म्हणाल्या.

*

सुनंदा नावाच्या एका बाईचा फोन आला तो उमरखेडच्या अलीकडच्या एका गावातून. "मशीन पाहून जा," एवढंच म्हणाली.

तिचा शेतकरी नवरा पोळ्यानंतर फवारणीचं औषध पिऊन गेला होता. कॉम्प्युटर त्यानेच आणलेला. गावातला सायबर कॅफे बंद पडला तेव्हा बकरीपेक्षा स्वस्तात मिळाला म्हणून, मुलीसाठी. दिराने फॉरमॅट मारायला घेतला आणि अर्ध्यात निळा पडदा आला, तो तसाच.

मी दोन तास घातले. रॅमची एक पट्टी खराब होती. ती काढली, दुसरी पुसून बसवली, सिस्टीम पहिल्यापासून टाकली. सुरू झाल्याचा आवाज आला. मी खुशीत वळून पाहिलं तर सुनंदाचा चेहरा उतरलेला.

"ताई, कायले चालू केलं?"

मग तिने सांगितलं. नवऱ्याच्या मृत्यूच्या चौकशीला तहसीलचे साहेब आले होते. घर पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला आणि कागदावर लिहिलं, परिस्थिती बरी आहे. सरकारी मदतीला अपात्र. तिने अर्ज केला म्हणून आज दुपारी ते पुन्हा येणार होते. "मले वाटलं, तुमी पाहून सांगसान का हे मेलेलं आहे."

माझ्या डोक्यात जाळ उठला. राठोडने पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला. कॅबिनेट उघडलं, उरलेली पट्टीही काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली.

साहेब आले. बटण दाबलं. रॅमशिवाय मशीन नुसतं पीं पीं करत राहिलं.

"काय झालं याला?"

"गेलं आहे," मी म्हटलं.

"दुरुस्त होईल?"

"नाही."

त्यांनी माझी बॅग पाहिली, राठोडच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहिला. "मग तुम्ही दोघं पुसदहून इतक्या लांब कशाला आलात?"

मी पर्स जवळ ओढली. सुनंदा दाराशी उभी होती. ती म्हणाली,

"मी बोलावलं, साहेब. त्याईले पाहाले येळेवर कोनी आलं नाही. म्हटलं, याले तरी कोनी पाहावं."