'येथील एक उद्योजक'

वर्कशॉपमध्ये लोखंडाचे तुकडे साठतात, तसे माझ्याकडे पेपरवाल्यांचे किस्से साठलेत. फरक इतकाच, की हे भंगारवालाही उचलत नाही!

उमरग्यात माझा पेरणीयंत्रं बनवायचा छोटा कारखाना आहे. नाव 'शैलजा अवजार उद्योग'. शैलजा म्हणजे माझी बायको. तिची एकच अट होती, "नुसतं पाटीवर नको, पेपरात नाव येऊ द्या. मग खरं!"

मी मराठीचा पदवीधर. पहिली प्रेस नोट चांगली दोन पानी लिहिली, सुरुवातीला कृषिसंस्कृतीवर चिंतन वगैरे. छापून आलं एकच वाक्य : 'येथील एका उद्योजकाने पेरणीयंत्र बनविले.'

आमचे वार्ताहर सलीमभाई म्हणाले, "भाऊ, कंपनीचं नाव हापिसातलं डेस्क कापतंय. बातमीत नाव आलं की ती जाहिरात व्हतीय."

शैलजानं पेपर घडी करून ठेवला. "'एक' म्हणजे तुम्ही का? लई मोठं नाव मिळवलंत!"

*

मग मी युक्ती केली. यंत्रावरच हातभर अक्षरांत नाव रंगवलं. फोटोतलं कसं कापतील?

नव्या यंत्राच्या उद्घाटनाला फोटोची वेळ आली आणि सगळे पाहुणे यंत्रापुढं ओळीनं उभे राहिले. कुणी हलायला तयार नाही. पेपरात पाहुणे, फेटे, हार आणि एका कोपऱ्यात फक्त 'शै'.

शैलजा म्हणाली, "असू द्या. सुरुवात तर झाली!"

*

कुणीतरी सल्ला दिला, पत्रकारांशी संबंध वाढवा. मी नळदुर्गजवळच्या ढाब्यावर पत्रकार परिषद ठेवली. सगळे आले. मी यंत्राबद्दल बोललो, ते रश्श्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी बातमी होती : 'महामार्गावरील ढाब्यांवर खवय्यांची गर्दी'.

त्यात ढाब्याचंही नाव नव्हतं. तेवढंच समाधान!

*

तेर गावातल्या एका शेतात यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं. गावकरी जमले, वार्ताहर जमले. यंत्र दोन तास चाललं आणि कॅमेरे सुरू होताच बंद पडलं. मी खाली वाकून नट पिळत होतो आणि वर फोटो निघत होते.

संध्याकाळी घाबरून फोन केला. "सलीमभाई, हात जोडतो, उद्या नाव तेवढं छापू नका!"

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "आमी कधी छापलंय का?"

शैलजा हसून हसून खाली बसली. पुढं कितीतरी दिवस मी आरशापुढं उभा राहिलो की मागून आवाज यायचा, "येथील एक उद्योजक, चहा घ्या!"

*

शैलजा गेली तेव्हा सलीमभाई घरी आले. कॅमेरा आणला नव्हता. बराच वेळ बसले. मी कागद पुढं ओढला, निधनवार्ता लिहून द्यावी म्हणून. पेन हातात तसंच राहिलं.

"राहू द्या, भाऊ," ते म्हणाले. "भाभींची बातमी मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी पेपर आला. डेस्कनं छापली ती अशी :

'येथील शैलजाताई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पती, मुलगी आणि शैलजा अवजार उद्योग, उमरगा, असा परिवार आहे.'