गौराक्काच्या माळेतलं रोमन नाणं

मैत्रिणींनो, संताप अजून उतरलेला नाही, म्हणून आल्या आल्या लिहायला बसले.

आज खजुरीच्या शाळेत हैदराबादच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान होतं. रोमच्या सरहद्दीपलीकडचे रानटी लोक रोमन नाण्यांना भोकं पाडून ती गळ्यात घालत, त्यांच्या थडग्यांत तशी नाणी सापडतात, असं ते सांगत होते. तेवढ्यात त्यांना माझ्या शेजारणीच्या, गौराक्काच्या गळ्यात तसंच नाणं दिसलं. शेतात सापडलेलं, तिच्या आईने माळेत ओवलेलं.

"बघा, इथेही तोच रानटीपणा! नाण्याचा नाश केला."

सगळे हसले.

"भोक न पाडता गळ्यात कसं घालायचं ओ, सायेब?" गौराक्काने विचारलं. लोक आणखी हसले.

मी उठून नाणं सगळ्यांना दाखवलं. भोक राजाच्या डोक्याच्या बरोबर वर आहे, चेहऱ्याला ओरखडाही नाही. माळ घातली की राजा सरळ दिसतो. "एवढ्या जपणुकीला नाश म्हणायचं?" मी विचारलं. प्राध्यापक घड्याळाकडे बघू लागले.

परतताना गौराक्काने माळ काढून पदरात बांधली. "पोरीला लग्नात हीच घालणार व्हते. सासरचे हसतील का ओ, अक्का?"

मी "न्हाई" म्हणाले, तरी तिने गाठ सोडली नाही.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?