गोड पाण्याचा दाखला

नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक असताना पाणी तपासायला माझ्याकडे एकच साधन होतं: जीभ. खानावळ, रसवंती, चहाचं हॉटेल, कुठंही गेलो की मालक तांब्या पुढं करायचा. मी घोट घ्यायचो आणि तपासणीच्या कागदावर लिहायचो, 'पाणी गोड, पिण्यास योग्य.' आमच्याकडे मचूळ विहिरींची कमी नाही. त्यामुळं गोड म्हणजे चांगलं, यावर माझं, मालकाचं आणि गिऱ्हाइकाचं एकमत होतं. नमुन्याच्या बाटल्या कपाटात होत्या. दरवर्षी त्यांची मोजदाद व्हायची आणि एकही कमी भरायची नाही.

औंढ्याच्या रस्त्याला एक बाई नवऱ्यामागं खानावळ चालवायच्या. दोन टेबलं, मागं विहीर. मी दिलेला दाखला त्यांनी फ्रेम करून गल्ल्यामागं लावला होता. खंडेनवमीला विळी-तराजूसोबत त्यालाही हळदीकुंकू वाहायच्या. सरकारी कागदाची इतकी इज्जत मी कार्यालयातही पाहिली नव्हती.

शेजारी लॉज झाला. उद्घाटनाला मंडप, सनई, पाहुण्यांना फेटे. त्यातला एक माझ्या डोक्यावर. प्रत्येक भाषणात स्वच्छतेचं महत्त्व आलं. लॉजचा शोषखड्डा बाईंच्या विहिरीपासून किती लांब आहे, ते बघायला मागं जायला हवं होतं. पण मागं चिखल होता आणि मी फेटा बांधून बसलो होतो. लॉजच्या दाखल्यावर सही बसल्या जागी केली.

श्रावणातल्या एका सोमवारनंतर, खानावळीत जेवलेली माणसं जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात येऊ लागली. हट्टा गावचे एक म्हातारे गुरुजी दर सोमवारी औंढ्याहून देवदर्शन करून परतताना तिथंच उपवास सोडायचे. ते तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हा कुठं कपाटातली बाटली बाहेर निघाली. अहवाल आला: विहिरीत मैल्याचं पाणी झिरपतंय.

खानावळ बंद करायची नोटीस घेऊन मीच गेलो. बाईंनी चूल आधीच विझवली होती. फ्रेम काढून टेबलावर ठेवलेली.

"ही सही तुमचीच न्हाई का, साहेब?"

"माझीच."

"तुमी घोट घेतला तवा मी बघून राहिले व्हते. म्हटलं, सरकारी माणूस पिऊन बघतोय, त्याला कळत आसंल." पदरानं त्यांनी काच पुसली. "गुरुजींनी दोनदा पाणी मागितलं. दोन्ही बारीला मीच दिलं. न्या हा कागद."

दाखला परत घेण्याचा कुठलाही फॉर्म कार्यालयात नव्हता. फ्रेम माझ्या टेबलाखाली राहिली. अहवालात मी विहीर लिहिली, लॉजचा खड्डा लिहिला आणि माझ्या दोन्ही सह्याही लिहिल्या.

मुख्याधिकारी म्हणाले, "सह्यांचं कशाला लिहिलं? कोणी विचारलंय का?"

"गुरुजी विचारायला राहिले नाहीत," मी म्हणालो. ती ओळ मी खोडली नाही. लॉजचा खड्डा हलवला गेला, मला लेखी ताकीद मिळाली. दोन्ही शिक्षा लहानच होत्या.

बाईंनी नळ घेतला. फेरतपासणीला गेलो तर सवयीनं तांब्या पुढं आला. मग त्यांनीच तो मागं घेतला.

"बाटली आणली का?"

आणली होती. त्यांनी नळ सोडला, मी बाटली भरून झाकण लावलं. अहवाल येईपर्यंत चूल पेटवता येणार नाही, असं सांगितलं. इतके दिवस बंद राहून गिऱ्हाईक पुढच्या ढाब्यांवर गेलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"थांबते," त्या म्हणाल्या. "या बारीला थांबते."

अहवाल चांगला आला. तो घेऊन गेलो तेव्हा गल्ल्यामागं नुसता खिळा होता. त्यांनी माझ्याकडून कागद दोनदा वाचून घेतला आणि खिळ्याला टोचला. फ्रेम आणून देऊ का, मी विचारलं.

"नको. काचेमागं गेला की कोणी वाचत न्हाई," म्हणत त्या चुलीकडे वळल्या.