माहेरची भाषा

"कुठल्या भाषेत इचारलासा, सर?"

मंगळवारच्या मीटिंगमध्ये एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे चाचणीतले गुण वाचून दाखवले, की आक्का हे विचारायच्या. टेबलाखाली चपला काढलेल्या, एक हात गुडघ्यावर. आवाजात भांडण नसायचं, दमणूक असायची.

बेळगावात विस्मरणाच्या आजारावर आमचा अभ्यास चालू होता. मेंदूचे डॉक्टर, मानसशास्त्राच्या मॅडम, आहारतज्ज्ञ, आकडेवारी बघणारे सर, असे सगळे एका टेबलाला. मी फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचो. आक्का निपाणीच्या. कित्येक वर्षं विड्या वळल्या, मग आरोग्याच्या सर्व्हेत शिरल्या. घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचं त्यांचं काम. अशा मीटिंगा तुम्हीही पाहिल्या असतील. प्रत्येकजण आपापला कागद वाचतो आणि चहा आला की सगळ्यांचं एकमत होतं.

एकदा बोरगावच्या एका आजींचा कागद आला. मॅडमनी स्वतः जाऊन चाचणी घेतली होती. वस्तूंची नावं, शून्य. वार, शून्य. आजी ताट सरकवून देतात, असं मुलानं सांगितलेलं. आजार पुढच्या टप्प्यात गेलाय, असं डॉक्टरांनी लिहिलं. आहारतज्ज्ञांनी पातळ आहार सुचवला. आक्कांनी नेहमीचा प्रश्न विचारला. घर मराठी आहे, मराठीतच विचारलं, असं मॅडम म्हणाल्या.

"घर मराठी. आजीचं म्हायार कुठलं?"

ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्का मला घेऊन बोरगावला गेल्या. माहेर चिकोडीकडचं, कानडी निघालं. पण लग्न होऊन आल्यापासून आई मराठीच बोलायची, मुलगा सांगत होता. आता तेही गेलं, म्हणून घरच्यांनी बोलणंच सोडलं होतं. आक्का भिंत धरून आजींच्या शेजारी खाली बसल्या आणि कानडीत सावकाश बोलत राहिल्या. गाव, विहीर, भावंडं. बऱ्याच वेळानं आजींनी गालावर हात ठेवला.

"हल्लु नोयताव."

दात दुखत होते. मुलाला बाजारापुरती कानडी येत होती, तेवढ्यावर त्याला कळलं. तो उठला आणि बाहेर जाऊन बसला. आत यायला त्याला बराच वेळ लागला.

दाताच्या डॉक्टरांनी दोन दात काढले. आजी जेवायला लागल्या. आजार काही थांबला नाही, पण मुलगा रोज मोडक्यातोडक्या कानडीत त्यांच्याशी बोलायला लागला.

मीटिंगमध्ये मात्र चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची, यावर दोन तास वाद झाला. आकडेवारीचे सर वाईट माणूस नव्हते. एकीला एका भाषेत विचारलं, दुसरीला दुसऱ्या भाषेत, तर तुलना कशाची करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. डॉक्टर त्यांच्या बाजूनं, मॅडम आक्कांच्या. शेवटी ठरलं, की फॉर्मवर 'माहेरची भाषा' असा रकाना घालायचा आणि कानडी माहेरच्या सगळ्या बायकांची चाचणी कानडीत पुन्हा घ्यायची. कोण घेणार, म्हटल्यावर सगळ्यांनी आक्कांकडे पाहिलं.

"जातो की," आक्का म्हणाल्या.

तो अख्खा उन्हाळा त्यांनी बसमध्ये आणि लोकांच्या पायऱ्यांवर काढला. फॉर्म घेऊन मी सोबत असायचो. चार घरं झाली, की पाचव्या घरी नुसत्या बसून राहायच्या. पाणी प्यायच्या. "थांब रं जरा," मला म्हणायच्या, "आत्ता इचारतो."

अभ्यासाचा निधी आटला, तेव्हा गावोगाव फिरणाऱ्यांच्याच जागा आधी गेल्या. आक्का मुलीकडे कोल्हापूरला निघाल्या. मी निपाणीच्या स्टँडवर गेलो होतो. त्या नसत्या तर काय झालं असतं, असलं काहीतरी बोलायचं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी सुटायच्या आतच त्यांना झोप लागली. तोंड थोडं उघडं, डोकं काचेला टेकलेलं. मी टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

गाडी हायवेला लागली. त्यानंतर आमची भेट नाही.